अध्यात ना मध्यात

"आमच्या आत्याबाई म्हणजे नुसतं देवमाणूस. कुणाच्या अध्यात नाहीत, मध्यात नाहीत. दिलं तर खातात, नाही दिलं तर मागत नाहीत."

सून मला हे सांगत होती तेव्हा आम्ही दोघी त्यांच्या ओसरीवर बसलो होतो. तिच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं. सासूविषयी तिला खरंच माया आहे. आतल्या खोलीत सासू भिंतीकडे तोंड करून पडून होत्या. आदल्या दिवशी पहाटे, अंधार असतानाच, त्या घराबाहेर पडल्या आणि विहिरीच्या वाटेला लागल्या. शेळ्यांसाठी उठलेल्या शेजारणीनं त्यांना पाहिलं. "इतक्या रातचं कुठं चाललीस, माय?" म्हणून हटकलं, आणि उत्तर आलं नाही तेव्हा हाताला धरून घरी आणलं. घडलं ते एवढंच. शेजारणीला जाग आली नसती तर काय झालं असतं हे कुणी बोललं नाही, पण घरातल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं.

मी मराठवाड्यातल्या एका संस्थेत काम करते. एम.एस.डब्ल्यू. झाल्यापासून हेच काम. दर बुधवारी मी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात बसते. घरात मारहाण, छळ सोसणाऱ्या बायकांशी बोलणं, त्यांना पुढची वाट दाखवणं हे माझं तिथलं काम. या सासूबाईंना मी इथे मावशी म्हणेन. वय अडुसष्टच्या आसपास. नवरा जाऊन तीन वर्षं झालेली.

सुनेनं मावशींची दवाखान्याची पिशवी माझ्यासमोर रिकामी केली. वर्षभराचे अकरा केसपेपर निघाले. सर्वांग दुखणे. अशक्तपणा. भूक नाही. पोट साफ नाही. झोप नाही. पुन्हा सर्वांग दुखणे. दर वेळी रक्तदाब मोजलेला, दर वेळी गोळ्या दिलेल्या: दुखण्याच्या, पित्ताच्या, रक्तवाढीच्या, ताकदीच्या आणि शेवटच्या दोन खेपांना झोपेच्या. मनाविषयी अकरापैकी एकाही कागदावर एक शब्दही नव्हता. तारखा पाहिल्या तर त्यांतल्या चार बुधवारच्या होत्या. म्हणजे चार वेळा मावशी बाकावर बसल्या होत्या आणि मी दहा पावलांवर होते. मला त्या आठवल्याही. डोक्यावर पदर, हात मांडीवर, नंबर चुकला तरी तक्रार नाही. मी त्यांना नमस्कार करून आत जायची, आणि 'माझ्या' बायका शोधायची.

हा लेख डॉक्टरांना बोल लावण्यासाठी नाही. माझाही नंबर त्याच रांगेत लागतो.

कागदांवरून सगळं कळेना, म्हणून मी सुनेला वर्षभराचं विचारलं. ती सांगू लागली. पोळ्याच्या सुमारास मावशींनी भजनाला जाणं सोडलं. मग एकादशी, सोमवार होतेच, त्यात गुरुवार आणि शनिवारचे उपास आले. शेळी विकून टाकली. पितळेची भांडी दोघी लेकींना वाटून दिली. नातवाला रागावणं थांबलं. भाजीत मीठ जास्त झालं तरी चकार शब्द नाही. टीव्हीवर मालिका लागली की त्या उठून अंगणात जाऊन बसायच्या. गावातल्या बायका म्हणायच्या, "म्हातारी सुटली बघा संसारातून. असं मन आवरता आलं पाहिजे."

यातल्या प्रत्येक गोष्टीला आपल्याकडे एक चांगलं नाव तयार होतं. जेवण कमी झालं, त्याला उपास म्हटलं. माणसांत बसणं सुटलं, त्याला विरक्ती म्हटलं. वस्तू वाटून टाकल्या, ती निरवानिरव झाली. बोलणं बंद झालं, तो समजूतदारपणा ठरला. म्हातारा बाप्या महिनाभर पारावर आला नाही, ताटावरून उठून जाऊ लागला, तर चार लोक चौकशी करतात. बाईचं मात्र कौतुक होतं. आपल्या समाजाला हवी असलेली 'चांगली म्हातारी' आणि नैराश्यानं आजारी पडलेली म्हातारी या दोघी बाहेरून सारख्याच दिसतात. म्हणून तिचा आजार घरात दिसत नाही, दवाखान्यात दिसत नाही, आणि आपल्या चळवळीलाही दिसलेला नाही. माझं म्हणणं आहे ते एवढंच.

"म्हातारपणी माणूस उदास व्हायचंच" हे वाक्य मी डॉक्टरांकडून ऐकलं आहे, नर्सबाईंकडून ऐकलं आहे, स्वतः आज्यांकडून तर रोज ऐकते. ते खरं नाही. बहुतेक म्हातारी माणसं दुखण्याखुपण्यासह, आठवणींसह, रुसव्याफुगव्यासह जगत असतात. त्यांना नैराश्याचा आजार नसतो. ज्यांना असतो त्यांचा बरा होऊ शकतो. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं २०१७-१८ मध्ये देशभरातल्या ४५ वर्षांवरच्या सुमारे ७२ हजार माणसांची पाहणी केली. 'लासी' या नावानं ती ओळखली जाते. साठीच्या पुढच्यांना नीट प्रश्न विचारले तेव्हा ८.३ टक्क्यांमध्ये नैराश्याची लक्षणं आढळली. 'तुम्हांला हा आजार असल्याचं कधी निदान झालं आहे का?' याला 'हो' म्हणणारे होते ०.८ टक्के. म्हणजे दहांतल्या नऊ जणांना आपल्याला काय झालंय हे कुणी सांगितलेलंच नाही. आणि हे प्रमाण पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त आहे.

मग हे नऊ जण दवाखान्यात जात नाहीत का? जातात. मावशी अकरा वेळा गेल्या. फक्त त्या "माझं मन मेलंय" असं म्हणत नाहीत. "अंगात त्राण नाही," "घास घशाखाली उतरंना," "डोस्कं भणभणतंय," "रातभर डोळ्याला डोळा नाही," असं म्हणतात. दुखतंय म्हटलं तर केसपेपर निघतो, करमत नाही म्हटलं तर "देवाचं नाव घ्या आजी" असं उत्तर मिळतं, हे आयुष्यभराच्या अनुभवानं बाईला कळलेलं असतं.

म्हाताऱ्या माणसांतलं नैराश्य ओळखण्यासाठी अमेरिकेत १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला एक प्रश्नावली तयार झाली. तीस प्रश्न, उत्तर फक्त हो किंवा नाही. पुढे तिची पंधरा प्रश्नांची छोटी आवृत्ती आली. ती करणाऱ्यांनी भूक, झोप, अंगदुखी यांचे प्रश्न मुद्दाम गाळले, कारण म्हातारपणी ही लक्षणं दुसऱ्या दुखण्यांचीही असतात. विचार बरोबर आहे. पण आमच्या आज्या नेमक्या अंगाच्याच भाषेत बोलतात. तेव्हा आपल्याकडे दोन्ही करावं लागतं. रक्त तपासायचं, थायरॉइड, साखर, बी-ट्वेल्व पाहायचं, कारण तिथंही दुखणं असू शकतं. आणि ते पाहून झालं की थांबायचं नाही. महिनोन् महिने तक्रार तीच, तपासण्यांत फारसं काही नाही, गोळी बदलूनही उतार नाही, तर पुढचा प्रश्न मनाचा असायला हवा. 'विसरायला होतं' ही तक्रारही तशीच. ती दर वेळी स्मृतिभ्रंशाचीच नसते. नैराश्यातही माणूस विसरतं.

प्रश्न विचारायची सोय सरकारी कागदावर आहे. तिशीपुढच्या प्रत्येकाचा जो फॉर्म आशाताई घरोघर जाऊन भरतात, त्यात आता मनाविषयी दोन प्रश्न आहेत. गेल्या दोन आठवड्यांत काम करण्यात रस किंवा आनंद वाटला नाही, असं किती दिवस झालं? आणि खिन्न, निराश, हताश किती दिवस वाटलं? उत्तराला शून्य ते तीन गुण, आणि बेरीज ठरावीक आकड्यापुढे गेली की बाईला पुढे पाठवायचं. प्रश्न चांगले आहेत, जगभर वापरले जातात. पण ते विचारले कसे जातात? आमच्या भागातली एक आशाताई मला म्हणाली, "ताई, मी विचारते कामात रस वाटतो का, तर आजी म्हणते, रस कसला गं माय, काम सुटलंय का कुणाला? मग मी शून्य लिहिते." दुसरी म्हणाली, "समोर पोरगा उभा असतो. त्याच्यापुढं आजी काय सांगणार?" मावशींच्या फॉर्मवरही दोन्ही ठिकाणी शून्य होतं. फॉर्म भरला तेव्हा त्या चुलीपुढे बसल्या होत्या आणि घरात पाच माणसं होती.

त्यानंतर आम्ही आशाताईंबरोबर बसून हे प्रश्न आपल्या बोलीत बसवले. फॉर्मवरचे दोन प्रश्न सोडले नाहीत, पण तिथवर पोचायची वाट बदलली. "आजी, दिवस कसा जातो?" "पहिल्यासारखं कुणाकडं जाऊन बसावंसं वाटतं का?" "जीव कशात रमतो?" "पहाटे जाग कधी येते, आणि तेव्हा मनात काय काय येतं?" हा शेवटचा प्रश्न फार उपयोगाचा ठरला आहे, कारण दिवसभर 'बरं आहे' म्हणणारी बाई पहाटे तीनचं खरं सांगते. "देवानं आता न्यावं" हे तर आपल्याकडे प्रत्येक म्हातारी म्हणते, कुणी हसत, कुणी सवयीनं. तिथंच थांबायचं नाही. "तो नेईल तेव्हा नेईल, पण आपणच जावं असं कधी मनात येतं का?" हे विचारायचं. असं विचारल्यानं नसता विचार डोक्यात घातला जाईल ही भीती आम्हांलाही होती. तसं होत नाही. उलट बाईला हलकं वाटतं, की कुणीतरी विचारलं.

आणखी एक गोष्ट. ऐकू कमी येणाऱ्या बाईला तिचं दुःख ओरडून विचारता येत नाही. आमच्या केंद्रात लसीकरणाची खोली दुपारी रिकामी असते. आता आम्ही आज्यांना तिथे नेतो, दार लोटून घेतो, शेजारी बसतो. याला पैसा लागला नाही, डॉक्टरीणबाईंची परवानगी तेवढी लागली.

मावशी त्या खोलीत तिसऱ्या भेटीला बोलल्या. भजन का सोडलं, हे मी विचारलं होतं. बराच वेळ गप्प राहून म्हणाल्या, "लुगडं भिजायचं." त्यांचं अंग बाहेर येत होतं, किती वर्षांपासून ते त्यांनाही आठवेना. लघवीवर ताबा राहत नव्हता. देवळात एकदा शेजारची बाई नाकाला पदर लावून सरकून बसली. त्या दिवसापासून मावशी गेल्या नाहीत. पुढचं सगळं, उपास, अंगण, गप्प राहणं, तिथून सुरू झालं होतं. मला डॉ. राणी बंग यांचा गडचिरोलीतला अभ्यास आठवला. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दोन गावांतल्या बायका तपासल्या, तर ९२ टक्क्यांना स्त्रीरोग होते, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. न विचारलेला आजार दिसत नाही हा धडा आपण तेव्हाच शिकलो होतो. मग तो साठीच्या अलीकडेच का थांबवला?

मावशींचं पुढे काय झालं ते सांगते. घरच्यांनी पहाटेची गोष्ट आधी दवाखान्यात सांगितलीच नव्हती. पोलीस केस होईल या भीतीनं. ही भीती घरोघर आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं अशा माणसाला शिक्षा नव्हे तर उपचार मिळाले पाहिजेत असं सांगितलं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येचा प्रयत्न केला म्हणून शिक्षा देणारं जुनं कलम ठेवलेलंच नाही. दवाखान्यात सांगायला घाबरू नये. मावशींना आम्ही जिल्हा रुग्णालयात मानसोपचार डॉक्टरांकडे नेलं. झोपेची गोळी हळूहळू बंद झाली. म्हातारपणी तिनं तोल जातो, पडण्याचा धोका वाढतो, आणि मूळ आजाराला ती काही करत नाही. नैराश्याचं औषध सुरू झालं. त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात हे घरच्यांना बजावून सांगावं लागलं, नाहीतर दहाव्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून ते सुटलं असतं. बाहेर येणाऱ्या अंगावर स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी उपचार सुरू केले. आणि बोलता बोलता कळलं की श्रावणबाळ योजनेचे महिना १५०० रुपये पाच महिने हातात पडलेले नाहीत, कारण बँकेच्या मशीनवर अंगठा उठत नव्हता. जन्मभर भांडी घासून, खुरपून बोटांच्या रेघा गेल्या होत्या. मुलाकडे पैसे मागायचे नाहीत म्हणून त्या गप्प होत्या. तेही काम केलं.

आमच्या बैठकीत हे सगळं सांगितलं तेव्हा एका जुन्या कार्यकर्तीनं आक्षेप घेतला. ती म्हणाली, "बाईच्या दुःखाला तुम्ही आजार म्हणणार, गोळी देणार, आणि ज्यांनी दुःख दिलं ते मोकळे." हा आक्षेप हलका नाही. 'वेडी' ठरवून बाईला घराबाहेर काढल्याच्या केसेस आपण सगळ्यांनी हाताळल्या आहेत. पण मी तिला विचारलं, उपाशी राहून पंडुरोग झालेल्या बाईला आपण लोहाच्या गोळ्या देतो की रेशनसाठी भांडतो? दोन्ही करतो. तिचं रक्त वाढल्यानं भूक लादणारे सुटत नाहीत. उलट मोर्चात चालायचं बळ तिला येतं. नैराश्याचंही तसंच आहे. अन्यायातून आलेला आजार हा आजारच असतो.

आणि दोन्ही एकत्र करता येतं याला पुरावा आहे, तोही शेजारच्या गोव्यातला. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतून साठीपुढची १८१ माणसं निवडली. त्यांना सौम्य लक्षणं होती, पुरता आजार झालेला नव्हता. निम्म्यांकडे साधं प्रशिक्षण दिलेले स्थानिक समुपदेशक जात राहिले. अडचणी एकेक करून कशा सोडवायच्या, झोप कशी सुधारायची, मधुमेहासारख्या दुखण्यात काळजी कशी घ्यायची हे ते सांगत, आणि सरकारी योजनांचा लाभ मिळवायलाही मदत करत. वर्षानंतर, ज्यांच्याकडे असं कुणी गेलं नव्हतं त्यांच्यातल्या सुमारे १४ टक्क्यांना नैराश्यानं गाठलं. ज्यांच्याकडे गेले त्यांच्यात हे प्रमाण ४ टक्क्यांच्या आसपास होतं. हे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. समुपदेशक हे डॉक्टर नव्हते. आशाताईंना जमेल असंच हे काम आहे. फक्त आशाताईंच्या डोक्यावर आधीच इतकी कामं आहेत की मोबदला आणि वेळ न देता हे आणखी एक लादलं, तर फॉर्मवर पुन्हा शून्यच येईल. त्यांच्या मागण्या या आपल्याही मागण्या आहेत.

आता आपल्याविषयी. आपण नवविवाहितेसाठी लढलो, सुनेसाठी लढलो, परित्यक्तेसाठी लढलो. ते आवश्यकच होतं, अजून आहे. पण त्या लढाईत म्हातारी बाई आपल्याला भेटली ती सासू म्हणून, बहुतेक वेळा समोरच्या बाकावर. तिच्या हातातली किल्ली सुटली, नवरा गेला, जमीन मुलाच्या नावावर झाली, आणि ती ओसरीच्या कोपऱ्यात सरकली, त्यानंतर तिचं काय झालं हे आपण विचारलं नाही. माझ्या नोंदवहीत हिंसेचे किती प्रकार लिहायला रकाने आहेत! आईवर, सासूवर होणाऱ्या दुर्लक्षाला रकाना नव्हता. तो मी हातानं आखला. दोन हजार पाचचा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आईलाही लागू होतो, दोन हजार सातचा ज्येष्ठांच्या निर्वाहाचा कायदा आहे, हे मी परीक्षेत लिहून आले होते. वापरले किती वेळा, हे विचारू नका.

मागणी मोठी नाही. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दुपार आणि एक बंद खोली. दर महिन्याला रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या न्यायला येणाऱ्या प्रत्येक आजीला वर्षातून निदान दोनदा, एकटीला, तिच्या बोलीत हे प्रश्न. ज्यांना पुढे पाठवायचं त्यांच्यासाठी जिल्ह्याच्या मानसोपचार डॉक्टरांचा तालुक्याला येण्याचा ठरलेला वार, आणि औषधं केंद्रातच. पाठवायला जागा नसताना नुसतंच ओळखणं म्हणजे बाईला उघडं पाडून वाऱ्यावर सोडणं. तोवर टेलिमानसचा १४४१६ आणि ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हे फोन नंबर आपल्या प्रत्येक मंडळाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत असू देत.

आणि मागणी मान्य होण्याची वाट न बघता करण्यासारखंही आहे. तुमच्या घरात, आळीत, भजनी मंडळात एखादी बाई गप्प झाली असेल, आणि सगळे तिचं कौतुक करत असतील, तर तिला एकटीला गाठा. जवळ बसा. दिवस कसा जातो विचारा, आणि उत्तर यायला वेळ द्या. पुन्हा जा.

मावशी पूर्ण बऱ्या झाल्या असं मी म्हणणार नाही. गोळ्या चालू आहेत, काही दिवस अजून वाईट जातात. पण गेल्या महिन्यात सून केंद्रात आली ती तक्रार घेऊनच. "ताई, आत्याबाई आता लई बोलायल्यात. भाजीला मीठ कमी, पोराला शिस्त नाही, शेळी परत आणा म्हणून मागं लागल्यात. तुम्ही जरा समजावून सांगा."

मी तिला चहा पाजला. म्हटलं, "आणा की शेळी."